आजाऱ्याचा वाटा: आमच्या रापण संघाच्या सभासदांना खुले पत्र

रापण संघाचे सर्व सभासद, दोन्ही तांडेल आणि नाव वहीत पण पाय मुंबईत असलेले सगळे चाकरमानी यांस,

सप्रेम नमस्कार. बाहेरचंही कुणी वाचेल म्हणून आधी सांगते: रापण म्हणजे होडीने समुद्रात सोडून किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं सामायिक जाळं, तांडेल म्हणजे पाणी बघून जाळं कधी सोडायचं ते ठरवणारा म्होरक्या, आणि पुळण म्हणजे वाळूचा किनारा.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात आपली बैठक झाली. तीन ठराव पुढे आले. आजारी, म्हातारे आणि विधवा यांचा अर्धा वाटा या मोसमापासून बंद करावा, हा पहिला. जो दोर ओढील त्यालाच, आणि हजेरीप्रमाणेच वाटा, हा दुसरा. तिसरा जरा हळू आवाजात वाचला गेला: होडी, दोर आणि सामायिक जाळी विकून पैसे वाटून घ्यावेत आणि ज्याने त्याने आपली मासेमारी आपण बघावी. मी बोलायला उठले, तेवढ्यात माझ्या जावेचा नातू म्हणाला, "गे आजये, ह्यो कम्युनिझम झालो. रशियात चललो नाय, हयसर काय चलतलो?" सगळे हसले, मीही हसले. मग कुणाला तरी शेवटची एसटी आठवली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

पोराने टिंगल केली असेल, पण प्रश्न खरा आहे, आणि दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नाही. म्हणून हे पत्र. उघडं लिहितेय, कारण अर्धे सभासद परळ-विरार-डोंबिवलीला आहेत, आणि असले ठराव आपल्याच नव्हे, आणखीही पुळणींवर येणार आहेत.

आधीच सांगून टाकते, मी विधवा आहे. माझा अर्धा वाटा आहे आणि तोच काढायचा ठराव आहे. तेव्हा माझा स्वार्थ लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

बाईमाणसाने रापणीची वही ठेवायची पद्धत आपल्यात नव्हती. माझ्या घरवाल्याकडे वही आली आणि त्याचं अक्षर त्यालाच लागेना, म्हणून ती माझ्याकडे आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, मधोमध सुतळीने शिवलेली. त्यातलं १९९६ सालचं एक पान समोर घेऊन बसलेय. बांगडा लागला होता. पुळणीवरच लिलाव झाला, १८,६०० रुपये आले. दोराची डागडुजी आणि चहापाणी ६०० गेले, राहिले १८,०००. त्यातला तिसरा हिस्सा होडीचा आणि जाळ्यांचा, म्हणजे ६,०००. ज्याच्या जाळ्याचे जितके तुकडे जोडलेले, त्या मानाने तो वाटला. उरले १२,०००. दोरीला त्या दिवशी बेचाळीस माणसं. तांडेलाला वर अर्धा वाटा. होडीवर गेलेल्या सहा जणांना वर पाव-पाव. देवाचा एक. आणि आजारी, म्हातारे, विधवा मिळून दहा जण, त्यांना अर्धा-अर्धा. बेरीज बरोबर पन्नास वाटे. वाट्याला २४० रुपये, अर्ध्याला १२०.

आता ते दहा जण काढून टाका. पन्नासाचे पंचेचाळीस झाले. वाटा २६६ रुपये ६७ पैसे. म्हणजे दोर ओढणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवशी सव्वीस रुपये आणि वर काही पैसे त्या दहा जणांसाठी सोडले. हा तुमचा कम्युनिझम. विम्याचा हप्ता म्हटलात तरी चालेल; फरक एवढाच, की विम्याच्या एजंटाला आपण बिनतक्रार देतो.

त्या बेचाळिसांतले किमान नऊ जण पुढे स्वतः त्या अर्ध्या वाट्यावर आले. मोजलेत मी. माझा घरवाला त्यातलाच एक. मूत्रपिंडाच्या आजारात अकरा महिने घरी होता, आणि प्रत्येक ओढीला त्याचा अर्धा वाटा कुणी ना कुणी पोर दाराशी आणून द्यायचं.

आता रशियाकडे वळते, पण त्याआधी माझ्या भावाची गोष्ट सांगायला हवी, कारण माझं त्या बाबतीतलं शिक्षण त्याच्या ट्रंकेतून झालं. तो लालबागला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि आमचा भाऊ चार महिन्यांनी एक ट्रंक घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. त्याच्यासारखे कितीतरी जण आले. त्या वर्षी कोकणातल्या चुलींवर मुंबईचा संप शिजत होता. ट्रंकेत दोन सदरे आणि बाकी मराठीत भाषांतर केलेली लाल पुस्तकं. पाऊस सरल्यावर तो रापणीला जाऊ लागला. सभासद नसताना त्याला वाटा मिळाला, कारण म्हातारे तांडेल म्हणायचे, "जेणा दोरयेक हात लायलो, तेका कालवण."

भावाने तिसऱ्याच दिवशी भर पुळणीवर विचारलं, "तांडेलाला दीड वाटा का? तो तर दोर ओढत पण नाही." शांतता पसरली. तांडेल म्हणाले, "उद्या पाणी तू बघ." दुसऱ्या दिवशी भाऊ उभा राहिला, पाण्याचा रंग बघितला, पाखरं बघितली, हात केला आणि होडी सोडली. दीड तास ओढून जाळ्यात आले ते कुर्ले, कचरा आणि अंगाला खाज आणणारी ती पारदर्शक घाण. दीड वाट्याचा प्रश्न पुन्हा निघाला नाही. पण भर पुळणीवर तो विचारला गेला होता आणि तांडेलाला त्याचं उत्तर द्यावं लागलं होतं, हे मी विसरलेले नाही. रशियाची गोष्ट मला पुढे कळली ती याच्यामुळे.

ज्यांनी मार्क्सचं नावच ऐकलंय त्यांच्यासाठी एक गंमत सांगते. 'सगळ्यांना सारखं' असं त्याने सांगितलं, असं आपण समजतो. १८७५ साली जर्मनीतल्या पक्षाच्या कार्यक्रमावर त्याने जी टीका लिहिली, तिच्यात उलट आहे. तो म्हणतो, एकूण उत्पन्न वाटायला घेण्याआधी वजावट करा: झिजलेल्या साधनांची भरपाई, वाढीसाठी काही, अपघात-आपत्तीसाठी राखीव, कारभाराचा खर्च, शाळा-आरोग्य, आणि जे काम करू शकत नाहीत त्यांच्यासाठी निधी. मग उरलेलं, पहिल्या टप्प्यात तरी, ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. 'गरजेप्रमाणे' हे त्याने फार पुढच्या काळासाठी ठेवलं. मी हे वाचलं आणि वही उघडली. दोराची डागडुजी, होडीचा हिस्सा, आजाऱ्याचा वाटा, मग कामाचा वाटा. आमच्या अंगठेबहाद्दर तांडेलांनी मार्क्स वाचला नव्हता आणि मार्क्सने रापण बघितली नव्हती. देवाचा वाटा मात्र त्याच्या यादीत नाही, तो आपलाच.

मग जे कागदावर इतकं आपल्या वहीसारखं, ते रशियात का बुडालं?

लोक आळशी होतात म्हणून, असं सगळे सांगतात. माणूस आळशी असतो, यात वादच नाही. आपल्याकडे काय कमी होते? एका गृहस्थांची कंबर धरली म्हणून ते पंधरा दिवस अर्ध्या वाट्यावर बसले, आणि नेमके त्याच पंधरवड्यात शेजारच्या वाडीच्या दशावतारात संकासुर होऊन रात्रभर नाचताना सापडले. वाटा तोडावा, असं पोरांचं म्हणणं. तांडेलांनी तोडला नाही. त्यांना वहीजवळ बसवलं आणि म्हणाले, वाटप होताना आजाऱ्यांची नावं आता तुम्ही मोठ्याने वाचायची. पहिलं नाव त्यांचं स्वतःचंच होतं. दोन दिवसांत कंबर बरी झाली.

हे आपल्याकडे होऊ शकलं याचं कारण पुळण आहे. ज्यांनी रापण ओढली नाही अशा चाकरमान्यांच्या पोरांसाठी सांगते. दोन दोर, दोन रांगा. ओढत ओढत मागे जायचं, रांगेच्या टोकाला पोचलं की दोर सोडून पुन्हा पुढे, पाण्यात कमरेपर्यंत जाऊन धरायचा. म्हणजे प्रत्येकजण आळीपाळीने पाण्यातही असतो आणि वाळूतही. आणि जो नुसता हात ठेवून चालतो, त्याच्याजवळ दोर ढिला पडतो. तो ढिलेपणा पुढच्याच्या तळहाताला लागलीच कळतो. त्यासाठी इन्स्पेक्टर लागत नाही. वर मासळी समोर ओतली जाते, लिलाव समोर होतो, वाटे समोर पडतात.

रशियात स्टालिनने १९२९पासून शेतकऱ्यांच्या जमिनी, गुरं, औतं एकत्र करून सामुदायिक शेतं केली. तिथेही वही होती बरं का. कुणी किती काम केलं ते 'श्रमदिन' म्हणून मांडलं जायचं, अगदी बारकाईने. पण त्या श्रमदिनाला काय मिळणार हे शेताच्या बांधावर ठरत नव्हतं. आधी सरकारचा कोटा उचलला जायचा, वरून ठरलेला, पीक येवो न येवो. त्यातून उरलं तर श्रमदिनावर वाटायचं. १९३२-३३मध्ये युक्रेन, कझाकस्तान आणि आणखी काही भागांत लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि धान्य पिकवणारेच मेले. भर पुळणीवर 'तांडेलाला दीड वाटा का' असं विचारणाऱ्याला तिथे सैबेरिया होता. आणि सोडून जावं म्हटलं, तर सामुदायिक शेतावरच्या शेतकऱ्यांना देशातल्या देशात फिरायला लागणारा पासपोर्ट सरसकट द्यायचा निर्णय झाला तो १९७४ साली. आपल्याकडे ज्याला रापण नको, तो आपला जाळ्याचा तुकडा सोडवून घेऊन जातो. पाच-सहा जण गेलेत, त्यांच्या घरची लग्नं आपण चुकवली नाहीत.

आणि एक. त्या शेतकऱ्यांच्या घरामागे जो लहानसा परसू ठेवायला परवानगी होती, असे सगळे परसू मिळून लागवडीची तीन-चार टक्केही जमीन भरत नव्हती. पण भाजी, बटाटे, दूध, अंडी धरून देशाच्या शेतीमालातला सुमारे पाव हिस्सा तिथून यायचा. तीच माणसं, तेच हात. परसवात वाटा कुणाचा हे दिसत होतं, शेतावर दिसत नव्हतं.

जावेच्या नातवाला चीनचीही एक गोष्ट सांगते, ती त्याच्या बाजूची आहे म्हणून त्याला आवडेल. आन्हुई प्रांतात श्याओगांग नावाचं गाव. १९५८नंतरच्या, माओच्या 'मोठ्या झेपे'ने आणलेल्या दुष्काळात होरपळलेलं. १९७८च्या अखेरीला तिथल्या अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले: सामुदायिक जमीन घरटी वाटून घेऊ, सरकारचा कोटा भरू, उरेल ते ज्याचं त्याचं. पुढच्याच वर्षी पीक कित्येक पटींनी वाढलं आणि थोड्याच काळात सगळ्या देशाने तोच मार्ग धरला. म्हणजे ठराव क्रमांक तीन, होय ना? पण त्या कागदावर आणखी एक ओळ होती. यापायी आपल्यातल्या म्होरक्यांना तुरुंग झाला, तर त्यांची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. सामुदायिक शेती मोडायला निघालेल्या माणसांनीही पहिली गोष्ट कुठली लिहिली बघा. आजाऱ्याचा वाटा.

आता आपल्या घरच्या 'समाजवादा'कडे येते, कारण त्यात मी बावीस वर्षं पगार घेतला आहे. तालुक्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेत मी कारकून होते. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथे कागदोपत्री सगळं समान. एक सभासद एक मत, मग त्याचा एक भाग असो की शंभर. सरकारचं भागभांडवल, सवलतीचं कर्ज, डिझेलचा परतावा, बर्फ. आणि प्रत्यक्षात? गटाच्या योजनेतली बोट दहा जणांच्या नावावर आणि चावी एकाच्या खिशात. बाकीच्या नऊ जणांना वर्षातून एकदा सही करायला बोलवायचे, चहा आणि भजी देऊन. वार्षिक सभेला कोरम कधीच नसायचा. सभा तहकूब व्हायची आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरायची, तेव्हा कोरमची गरज नसते. तो अर्धा तास आम्ही अकरा माणसं वडापाव खात काढायचो आणि मग सातशे सभासदांच्या वतीने सगळे ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्त मीच लिहायचे. 'सखोल चर्चेअंती' हे शब्द माझ्या हाताला इतके बसलेत, की अजून वाणसामानाच्या यादीत येतील.

लेखापरीक्षणात 'ब' वर्ग होता तो 'क' झाला, 'क'चा 'ड'. कर्ज फेडायची वेळ आली तेव्हा चावीवाल्याची बोट जुनी झाली होती आणि नोटिसा दहाही घरांत गेल्या. एका घरात तर त्या माणसाने बोटीवर पायसुद्धा ठेवला नव्हता. तेव्हा 'सहकार कोकणात रुजत नाही' असं भाषणात ऐकलं की मला राग येतो. त्याच माणसांची रापण तिथून अर्ध्या मैलावर रुजून बसली होती. संस्थेत मासळीच कुणाला दिसत नव्हती, दिसायचे ते कागद, आणि मोजणारे अकरा जण.

माझं म्हणणं असं, की वाटून खाणं चालतं की नाही याचं उत्तर झेंड्याच्या रंगात शोधू नका. वाटा डोळ्यांदेखत पडतो का, वाट्याचा नियम ओढणाऱ्यांनीच केलाय का आणि नको असेल त्याला जाता येतं का, एवढं विचारा. तुर्कस्तानात आलान्या नावाच्या बंदरात मच्छीमार दर सप्टेंबरला समुद्रातल्या नावाजलेल्या जागांची यादी करायचे आणि चिठ्ठ्या टाकायचे. जानेवारीपर्यंत प्रत्येक होडी रोज एक जागा पूर्वेला सरकायची, नंतर उलट पश्चिमेला, म्हणजे चांगल्या जागेची पाळी सगळ्यांना मिळायची. दुसऱ्याच्या जागेवर कुणी घुसला तर ज्याची पाळी बुडाली तोच त्याला धरायचा. असल्या व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या दोन तांडेलांना कधी शालही मिळाली नाही.

केरळात कण्णूरला विडी कारखानदारांनी कामगारांच्या नव्या कायद्याला कंटाळून कारखाने बंद केले, तेव्हा १९६९ साली कामगारांनीच दिनेश विडीची सहकारी संस्था काढली. ती चालली. पुढे लोक विड्या कमी ओढू लागले, तर त्यांनी छत्र्या आणि खाण्याचे जिन्नस करायला घेतले. म्हणजे मालक नसला तरी गिऱ्हाईक कुणाला सुटत नाही. पण हे सगळं पुळणीएवढं, फार तर कारखान्याएवढं. अख्ख्या देशाची मासळी एका पुळणीवर ओतता येत नाही, आणि कुणाला किती बटाटे, किती चपला लागतात हे मॉस्कोतल्या एका कचेरीला कधीच नीट कळलं नाही. तिथे बाजार लागतो. भावाशी या एका मुद्द्यावर माझं शेवटपर्यंत पटलं नाही. तो म्हणायचा, बाजार म्हणजे चोर. मी म्हणायचे, चोर असेल, पण पाटीला काय भाव आला हे संध्याकाळच्या आत सांगतो.

मग पुळणीबाहेर समाजवाद नाहीच का? इथे मला आपल्या बागायतदार सभासदांना चिमटा काढायचा आहे. सरकारने वाटायला घेतलं की वाटोळंच होतं, असं सगळ्यात जोरात तेच म्हणाले. रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळाच्या काळात राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी १९७५पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला सुरुवात झाली. म्हणजे फोर्टातल्या कारकुनाचे पैसे मराठवाड्यातल्या बांधावर. तिथे खणलेली माती मोजून मजुरी मिळायची, मोजमापात घोळ झाले तेही मोजमाप होतं म्हणून उघडकीला आले. आणि १९९०पासून याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. वरच्या सड्यावर, जिथे करवंदाशिवाय काही नव्हतं, तिथे आज हापूसची आणि काजूची कलमं उभी आहेत. खड्डे कुणाच्या पैशाने मारले, कलमं कुणाच्या अनुदानातून आली? पेटीचा भाव सांगताना ते कुणाला आठवत नाही. आणि ज्या जमिनीत ती आहेत, ती खोताकडून, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराकडून, तुमच्या आजोबांच्या नावावर कशी आली? अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतं ओस ठेवली, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ला कुळं मालक ठरली. हे सगळं बाजाराने केलं नाही. आपले समाजवादी खासदार मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला. त्यांना आपण सलग पाच वेळा निवडून दिलं होतं. ज्यांना समाजवाद कधी चालला नाही असं वाटतं, त्यांनी गणपतीला येताना उभ्याने यावं. (हे रागाने लिहिलं, पण खोडत नाही.)

आता मूळ दुखण्याकडे. ठराव मांडणाऱ्यांचं म्हणणं, वाटा घटला. खरं आहे. मी वही बघून सांगते, घटलाच आहे. पण तो दहा अर्ध्या वाट्यांनी घटला नाही, ते दहाचे आता सातच आहेत. घट आहे ती लिलावाच्या आकड्यात. बांगडा, तारली किनाऱ्याला लागायच्या आतच बाहेर पर्ससीनच्या, म्हणजे थव्याभोवती फिरवून खालून आवळायच्या, जाळ्यात पूर्ण थवा उचलला जातो, आणि वर रात्री मासळी ओढून घ्यायला एलईडीचे दिवे. राज्याचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१चा आहे. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ला पर्ससीनवर निर्बंध आले. प्रकाशझोतातल्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. २०२१ साली राज्याच्या कायद्यात दंड वाढले. आणि रात्री देवळाच्या घाटीवर उभं राहिलं तर क्षितिजावर दिवाळी दिसते. तिथे कुणाचा कम्युनिझम नाही, तिथे कर्ज काढून बोट घेतलेला माणूस आहे, आणि हप्ता चुकू नये म्हणून तो उद्याचा मासा आज काढतोय. त्याचाही मला राग येत नाही. पण तो काय उचलतो हे कुणाच्या डोळ्यांसमोर नसतं, आणि त्याचं बिल आपल्या पुळणीवर येतं. आपण मात्र ते फेडून घ्यायला निघालोय सात म्हातारा-म्हातारींकडून.

ठरावांबद्दल माझं मत असं. दुसरा ठराव मला मान्य आहे, अर्धा. जो दोर ओढतो त्यालाच पूर्ण वाटा, आणि मुंबईत राहून केवळ बापाचं नाव वहीत आहे म्हणून वाटा घेणाऱ्यांचा वाटा बंद करावा. एकूण अकरा नावं आहेत. त्यांतलं एक माझ्या मुलाचं आहे, त्याला फोन करून सांगितलंय, तो दोन दिवस बोलला नाही. जाळ्याचा तुकडा असेल तर जाळ्याचा हिस्सा मिळेल, दोराचा नाही. आजाऱ्याचा वाटा ठेवायचा असेल तर नावं दर अमावास्येला पुळणीवर मोठ्याने वाचली जावीत, पूर्वीसारखी. गेली आठ वर्षं ती कुणी वाचलेली नाहीत, आणि संशय तिथूनच सुरू झाला. तिसऱ्या ठरावावर मतदान घ्यायचं तर हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून घ्या. जे विकायचं म्हणतात ते वाईट नाहीत, त्यांच्या डोक्यावर इंजिनाचं कर्ज आहे. त्यांना आपला तुकडा सोडवून न्यायचा असेल तर त्यांचे पैसे एका मोसमात द्यावेत, अडवू नये.

पहिल्या ठरावावर मी मत देणार नाही, कारण वाटा माझा आहे. बैठकीला मात्र येईन. कोरम नसेल तर सभा तहकूब करा आणि दुसरा दिवस ठरवा, अर्ध्या तासाने नको. वही घेऊन येतेय. १९९६च्या पुढची काही पानं वाळवीने खाल्लीत, उलटताना जपा, आणि ज्याला बेरीज तपासायची असेल त्याने आपला चष्मा आणावा, माझा मी देणार नाही.

आपली,
वहीवाली काकी